अटलांटिक ओलांडताना बोट किती हलते? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

क्रूझवरचा लेख छापून आल्यापासून जी पत्रं आलीत त्यातली निम्म्याहून जास्त एकाच काळजीची आहेत, समुद्र कसा असेल. मी हा समुद्र पाच वेळा ओलांडलाय, तीनदा उत्तरेकडून आणि दोनदा दक्षिणेकडून, त्यामुळे या वेळचं सगळं सदर त्यालाच देते. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही दोघं साठीच्या पुढचे. साउदॅम्प्टनहून न्यूयॉर्कला क्वीन मेरी टू ने जायचं मनात आहे. एक जण म्हणतात अटलांटिक कायम खवळलेला, दुसरे म्हणतात अहो काही जाणवतसुद्धा नाही. मला वळणाच्या रस्त्यावर गाडी लागते म्हणून जास्त भीती वाटते. कुठल्या महिन्यात जावं आणि दुसरी एखादी शांत वाट आहे का?

उत्तर: दोघंही खरंच सांगतायत, फक्त एक जण बहुतेक जानेवारीत गेले असतील आणि दुसरे जुलैमध्ये. अटलांटिक कसा असतो असा प्रश्नच विचारू नका, कुठल्या महिन्यात, कुठल्या वाटेने आणि कुठल्या दिशेने असा विचारा, मग त्याला उत्तर मिळतं.

आधी वाटेचं बघू. तुम्ही म्हणताय ती उत्तरेची वाट, ७ रात्रींची, मधे एकही बंदर नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर जमिनीवरची थंड हवा आणि गल्फ स्ट्रीम या समुद्री प्रवाहाचं गरम पाणी एकमेकांना भिडतं, तिथे कमी दाबाचे पट्टे, म्हणजे वादळं, तयार होतात आणि ते ईशान्येला आइसलंडच्या दिशेने सरकतात, एक गेला की दुसरा. तुमची बोट नेमकी त्यांच्या रस्त्यावरून जाते. हिवाळ्यात हे पट्टे जोरात असतात, डिसेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात वाईट, भर समुद्रात लाटांची सरासरीच ४-५ मीटर धरा. उन्हाळ्यात अझोर बेटांजवळचा जास्त दाबाचा पट्टा फुगतो आणि वादळांना वर उत्तरेकडे ढकलतो, मग तोच समुद्र २ मीटरवर येतो. म्हणून उत्तरेकडून जायचं तर मे अखेर ते ऑगस्टची सुरुवात घ्या. जून-जुलैमध्ये धुकं मिळेल पण धुक्याने पोटात ढवळत नाही.

सप्टेंबरबद्दल लोक गोंधळतात. चक्रीवादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर आणि त्यातला जोराचा काळ सप्टेंबरच्या मध्याच्या आसपास. तुमची बोट वादळात शिरणार नाही, कॅप्टन खूप आधीपासून वाट बदलतो, पण वादळाने उठवलेला स्वेल, म्हणजे लांबून येणाऱ्या संथ लाटा, शेकडो मैल लांब येऊन पोचतो, वर स्वच्छ निळं आकाश आणि खाली बोट डोलतेय असं होतं. आणि उत्तरेकडे वळलेली वादळं वेग पकडतात, कधी कधी बोटीपेक्षाही जोरात धावतात, त्यामुळे सगळ्याच वेळी अगदी लांबून वळसा घालता येतो असं नाही.

आता दुसरी वाट, दक्षिणेची. वर्षातून दोनदा क्रूझ कंपन्या बोटी एका समुद्रातून दुसरीकडे हलवतात, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये युरोपातून कॅरिबियनला आणि एप्रिल-मेमध्ये उलट. शरद ऋतूतली पश्चिमेला जाणारी फेरी बहुतेक वेळा मदीरा किंवा कॅनरी बेटांवर थांबते आणि मग सलग सहा-सात दिवस पाणीच पाणी. पण ते पाणी वेगळं असतं. तिथे ईशान्येचे व्यापारी वारे १५-२० नॉटने (एक नॉट म्हणजे ताशी साधारण १.८५ किलोमीटर) पाठीमागून येतात, लाटा दोन-अडीच मीटर, त्याही मागून, त्यामुळे बोट हळूहळू उचलल्यासारखी होते आणि खाली बसते. हीच वाट कोलंबसने १४९२ मध्ये धरली होती, ६ सप्टेंबरला कॅनरीतल्या ला गोमेराहून निघाला आणि १२ ऑक्टोबरला पलीकडे जमीन दिसली. परत येताना मात्र तो वर अझोरकडून आला कारण परतीचे वारे तिकडे वाहतात. आजच्या वसंतातल्या पूर्वेला जाणाऱ्या फेऱ्यासुद्धा बऱ्याचदा अझोरवरूनच जातात, आणि तिथे एप्रिलमध्ये अजून एखादा जोराचा पट्टा सापडू शकतो, हे लक्षात ठेवा.

दिशेचं एवढं का सांगतेय ते डेकवर गेल्यावर कळतं. उत्तरेकडे वारे मुख्यतः पश्चिमेकडून येतात. तुमची बोट २१ नॉटने पश्चिमेला चाललीय आणि समोरून २० नॉटचा वारा येतोय, म्हणजे डेकवर उभ्या माणसाला ४१ नॉट, ताशी ७५ किलोमीटरच्या वर. दार उघडायला दोन्ही हात लागतात, टोपी गेली ती गेलीच. तोच वारा, तीच बोट, पण पूर्वेला जाताना वारा पाठीशी आणि डेकवर जवळजवळ शांत, लोक खुर्चीवर पुस्तक वाचत बसलेले असतात. हवामान अगदी एकसारखं आणि दोन प्रवाशांच्या आठवणी दोन टोकांच्या.

तुमच्यासाठी माझं मत स्पष्ट आहे. गाडी लागते ना, मग ऑक्टोबर अखेर किंवा नोव्हेंबरमधली कॅनरीवरून जाणारी दक्षिणेची फेरी घ्या. क्वीन मेरीचंच मनात असेल तर जून. ती बोट २००४ पासून चालू आहे आणि मुळात हाच समुद्र ओलांडायला बांधलीय, ३४५ मीटर लांब, पुढचं टोक लांबट आणि मजबूत, पाण्यात १० मीटर बुडलेली, नेहमीच्या उंच चौकोनी क्रूझ बोटींपेक्षा वाईट समुद्रात ती नक्कीच बरी चालते. पण जानेवारीत तीसुद्धा हलते.

प्रश्न: ताई, बुकिंग करताना खोल्यांचा नकाशा दाखवतात त्यात पुढच्या टोकाच्या खोल्या स्वस्त दिसतायत आणि वरच्या मजल्यावर बाल्कनीपण मिळतेय. एजंट म्हणतो हल्ली स्टॅबिलायझर असतात, कुठेही घ्या. घेऊ का?

उत्तर: नका घेऊ. आणि एजंटचं अर्धंच खरं आहे.

बोट दोन तऱ्हेने हलते. एक कुशीवर, म्हणजे डावी-उजवी, आणि दुसरी नाकावर, म्हणजे पुढचं टोक वर जातं तेव्हा मागचं खाली. स्टॅबिलायझर म्हणजे पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखासारखे बाहेर येणारे फिन, ते कुशीवरचं डोलणं खूप कमी करतात. नाकावरच्या हालचालीला त्यांचा काही उपयोग नाही. आणि पश्चिमेला जाताना लाटा समोरून येतात म्हणजे मुख्य हालचाल नेमकी तीच. सी-सॉ आठवा, मधे बसलेल्याला फारसं कळत नाही आणि टोकावरचा उडतो. उंचीचंही तसंच, जितकं वर जाल तितकं कुशीवरचं डोलणं मोठं होतं.

माझ्या पहिल्या फेरीत मी हीच चूक केली होती, नोव्हेंबर, उत्तरेची वाट, नववा मजला, अगदी पुढे, आणि स्वस्त मिळाली म्हणून खूश. पहिले दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या रात्री साधारण एक वाजता जाग आली ती आवाजाने, कोणीतरी खालून मोठा हातोडा मारल्यासारखा, पुढचं टोक लाटेवरून खाली आपटतं तो आवाज. आपटल्यावर सगळी बोट दोन-तीन सेकंद थरथरते, पलंगाच्या दांड्याला हात लावला तर हाताला कळतं. कपाटातले हँगर एका लयीत वाजत होते, टेबलावरचा पाण्याचा ग्लास हळूहळू सरकत कडेपर्यंत जायचा, थांबायचा आणि परत मागे यायचा, मी त्याच्याकडेच बघत बसले होते. वर जाताना अंग गादीत रुतायचं आणि खाली जाताना पोट मागे राहिल्यासारखं व्हायचं. चार वाजता मी उशी-पांघरूण घेऊन मधल्या जिन्याजवळच्या सोफ्यावर, तिसऱ्या मजल्यावर जाऊन झोपले, आणि खरं सांगते, तिथे बोट वेगळीच वाटत होती, नुसती झुलत होती. हँगर खाली काढून ठेवायचे आणि ग्लासखाली ओला रुमाल घालायचा हे मला सकाळी सफाईला आलेल्या मुलाने शिकवलं. जेवणघरातही वाईट दिवशी वेटर टेबलक्लॉथ किंचित ओला करतात, ताटं सरकत नाहीत.

तेव्हा मधला भाग, खालचा मजला. पैसे वाचवायचेत तर बाल्कनी सोडा, जागा सोडू नका. उत्तरेच्या वाटेवर बाल्कनीत बसायला मिळेल असे दिवस तसेही कमीच. खिडकी मात्र असलेली बरी, का ते पुढच्या उत्तरात येतंय.

प्रश्न: मला बोट लागण्याची प्रचंड भीती आहे. गोळी कधी घ्यायची, कानामागे लावायचा पॅच चांगला असतो का, आलं खाऊन भागतं का?

उत्तर: आतल्या कानातला तोल सांगणारा भाग मेंदूला म्हणतो आपण हलतोय आणि डोळ्यांना समोर खोलीची भिंत स्थिर दिसते, या दोन निरोपांचा मेळ बसत नाही म्हणून उमासे येतात. म्हणून खिडकी. क्षितिजाकडे बघितलं की डोळ्यांनाही हालचाल दिसते आणि मेळ बसतो. मोबाइल आणि पुस्तक त्या वेळी बंद, ते सगळ्यात वाईट. पोट रिकामं ठेवू नका, थोडं कोरडं, कमी तेलकट, मधे मधे. आल्याने हलक्या मळमळीत बऱ्याच जणांना बरं वाटतं, मलाही वाटतं, पण ५ मीटरच्या समुद्रात नुसत्या आल्यावर विसंबू नका.

गोळी त्रास सुरू व्हायच्या आधी घ्यायची, उलट्या लागल्यावर पोटात टिकत नाही. बहुतेक गोळ्यांनी झोप येते, त्यामुळे ओल्या डेकवर जिने चढताना जपून, आणि सोबत दारू नाही. पॅच जायच्या किमान ४ तास आधी लावतात आणि ३ दिवस चालतो, लावल्यावर हात स्वच्छ धुवायचे नाहीतर तोच हात डोळ्याला लागून बाहुली मोठी होते आणि दिसायला धूसर होतं. काचबिंदू असेल, प्रोस्टेटचा त्रास असेल किंवा बाकी औषधं चालू असतील तर निघायच्या आधी डॉक्टरांना विचाराच, हे मी अगदी हात जोडून सांगते कारण या वयात हे त्रास खूप जणांना असतात आणि लोक न विचारता गोळ्या घेतात. घरी एकदा घेऊन बघितलेली गोळीच सोबत ठेवा म्हणजे किती झोप येते ते माहीत असतं.

बहुतेकांचं शरीर दोन-तीन दिवसांत जुळवून घेतं. उलट उतरल्यावर एखाद-दोन दिवस जमीनच हलतेय असं वाटतं, घाबरू नका, जातं ते. आठवड्यानंतरही राहिलं तर दाखवा.

प्रश्न: मुलीने मोबाइलवर हवामानाचं ॲप टाकून दिलंय. निघायला बारा दिवस आहेत आणि त्यात आत्ताच मधोमध ६ मीटर लाटा लाल रंगात दिसतायत. शिवाय कुठेतरी वाचलं की अचानक राक्षसी लाट येते. रद्द करावं का असं वाटायला लागलंय.

उत्तर: बारा दिवसांपुढचा लाल रंग आज बघूच नका. चार-पाच दिवसांपुढचा लाटांचा अंदाज रोज बदलतो, आज लाल दिसणारी जागा परवा हिरवी होते आणि उलटही होतं. निघायच्या तीन दिवस आधी बघा आणि रोज एकदाच.

आणि बघताना उंचीच्या शेजारचा आकडाही बघा, दोन लाटांमधले सेकंद. ६ मीटरची लाट १४ सेकंदांनी येत असेल तर एका माथ्यापासून दुसऱ्या माथ्यापर्यंतचं अंतर जवळजवळ ३०० मीटर असतं, मोठी बोट त्यावर सावकाश चढते-उतरते. तेच ४ मीटरच्या लाटा ८ सेकंदांनी येत असतील तर अंतर १०० मीटर, म्हणजे उतार जास्त उभा, समुद्र तुटक आणि फेसाळ, वाऱ्याने नुकत्याच उठवलेल्या लाटा अशा असतात. छोट्या बोटीला याच जास्त त्रास देतात, मोठ्या बोटीला लांब स्वेल जास्त जाणवतो, म्हणून बोट केवढी आहे त्यावर आकड्याचा अर्थ बदलतो. दुसरं म्हणजे ॲपमधली उंची ही सगळ्यात मोठ्या लाटेची नसते, सगळ्यात उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. त्यामुळे ६ मीटर लिहिलं असेल तर बहुतेक लाटा त्याहून लहान असतात पण मधेच एखादी १०-१२ मीटरचीही येते. हे माहीत असलं की त्या एका लाटेने दचकायला होत नाही.

राक्षसी लाटा खऱ्या आहेत, थापा नाहीत. १ जानेवारी १९९५ ला नॉर्वेच्या ड्रॉप्नर या समुद्रातल्या गॅसच्या प्लॅटफॉर्मवरच्या यंत्राने २५.६ मीटरची लाट मोजली, आजूबाजूचा समुद्र १२ मीटरचा असताना. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लुईस चक्रीवादळाच्या समुद्रात क्वीन एलिझाबेथ टू न्यूयॉर्कला जात होती, तिच्यासमोर ब्रिजच्या, म्हणजे कॅप्टन बोट चालवतो त्या वरच्या खोलीच्या, उंचीला लागेल एवढी लाट आली, कॅप्टनचा अंदाज साधारण २९ मीटर. बोटीने ती समोरून अंगावर घेतली, पुढच्या डेकचं थोडं नुकसान झालं आणि ती न्यूयॉर्कला पोचली. अशी लाट एखाद्याच फेरीच्या वाट्याला येते, आणि तीही बहुतेक आधीच भयंकर खवळलेल्या समुद्रात, तुमच्या फेरीत तिचा विचार करत बसू नका. काळजी करायचीच तर पाय घसरण्याची करा. वाईट समुद्रात लोक जखमी होतात ते बहुतेक बाथरूममध्ये, जिन्यावर आणि जड दारात बोटं सापडून. एक हात कायम कठड्यावर, चपला सपाट आणि पकड असलेल्या, आणि दार वाऱ्याने आपटणार हे गृहीत धरून घट्ट पकडून उघडायचं. रद्द नका करू.

प्रश्न: मे महिन्यात कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या बाजूने जाणार. टायटॅनिकचं नाव घेऊन सगळे चिडवतायत, म्हणून विचारते, अजून बर्फाचे डोंगर असतात का?

उत्तर: असतात. लॅब्राडोरचा थंड प्रवाह ग्रीनलंडकडून सुटलेले बर्फाचे डोंगर खाली आणतो आणि मोसमच वसंत ते उन्हाळ्याची सुरुवात असा असतो, टायटॅनिक १९१२ च्या एप्रिलमध्येच आदळली. पण त्या अपघातानंतर, १९१४ पासून, इंटरनॅशनल आइस पट्रोल या भागावर नजर ठेवते, बर्फाची हद्द कुठपर्यंत आलीय ते कळवते, आणि बोटी त्या हद्दीच्या दक्षिणेकडून जातात. मी मे मध्ये गेले होते, एकही दिसला नाही.

दिसतं ते धुकं. ग्रँड बँक्सवर, म्हणजे न्यूफाउंडलंडजवळच्या उथळ समुद्रावर, तो थंड प्रवाह आणि गल्फ स्ट्रीम शेजारी शेजारी येतात, गरम दमट हवा थंड पाण्यावर आली की दाट पांढरं धुकं, बाल्कनीतून खालचं पाणी दिसत नाही. अशा वेळी चालती बोट जास्तीत जास्त २ मिनिटांच्या अंतराने एक लांब भोंगा देते, ४ ते ६ सेकंदांचा. रात्रभर चालू असतो. तो नियम आहे, संकट नाही. मला स्वतःला तो आवाज फार आवडतो, पण झोप हलकी असेल तर कानात घालायचे बोळे न्या. या पट्ट्यात हवा एकदम बदलते, सकाळी जाड जॅकेट आणि गल्फ स्ट्रीममध्ये शिरल्यावर दुपारी अर्ध्या बाह्या, असं माझ्या एकाच दिवसात झालंय, त्यामुळे कपडे थरांचे घ्या.

प्रश्न: आमच्या एप्रिलच्या फेरीत अझोरचं एक बंदर आहे, पाँता देल्गादा. तिथे उतरायला नक्की मिळेल ना?

उत्तर: नक्की नाही. बेटं भर समुद्रात आहेत, वारा आणि स्वेल जोरात असला की बोट धक्क्याला लावणं धोक्याचं होतं आणि कॅप्टन सरळ पुढे जातो, तो अधिकार त्याचाच. माझंही एकदा चुकलंय, हिरवं बेट समोर दिसत होतं आणि आम्ही कठड्याला उभे राहून ते मागे पडताना बघितलं, खूप वाईट वाटलं. तिथली सहल बाहेरून बुक करत असाल तर बोट न आल्यास पैसे परत मिळतील का ते आधी विचारून घ्या.

प्रश्न: बोटीवर घड्याळ रोज बदलतं म्हणतात. माझ्या मिस्टरांच्या बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्या वेळेवर असतात, आणि त्यात बोट लागण्याचीही गोळी. कसं जमवायचं?

उत्तर: पश्चिमेला जाताना साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क ५ तासांचा फरक, तो पाच रात्रींमध्ये एकेक तास मागे करत जातात, म्हणजे २५ तासांचे पाच दिवस, झोप छान होते. पूर्वेला तेच पाच तास जातात आणि रात्री खराब समुद्राने झोप झाली नसेल तर ते अंगावर येतं. रोजच्या गोळ्या तासाभराच्या फरकाने साधारण जमून जातात पण इन्सुलिन असेल तर डॉक्टरांकडून वेळा लिहूनच घ्या. बोट लागण्याच्या गोळीचं मात्र घड्याळाकडे बघायचं नाही, मागची घेतल्यापासून किती तास झाले ते मोजायचं. मी एका स्वस्तातल्या मनगटी घड्याळाची वेळ निघाल्यापासून बदलतच नाही, ते गोळ्यांच्या डबीला बांधून ठेवते.